घरमालकांचा लिहिता चष्मा

अख्ख्या कोलकात्याशी चार वर्षं एकाच वाक्यावर गप्पा मारणारा माणूस आमच्या घरमालकांखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. ते वाक्य असं: "तुमचं बरोबर आहे, पण याला दुसरीही एक बाजू आहे." समोरचा फुटबॉलवर बोलत असो, नळाच्या पाण्यावर बोलत असो की स्वतःच्या पित्तावर, घरमालक त्याचं संपेपर्यंत शांत बसत, क्षणभर डोळे मिटत आणि हे वाक्य अस्खलित बंगालीत सोडून देत. दुसऱ्या एखाद्या शहरात हे प्रकरण दोन दिवसांत उघडकीला आलं असतं. कोलकात्यात मात्र "दुसरी बाजू आहे" एवढं कानावर पडलं की समोरचा माणूस खूश होऊन सरसावून बसतो आणि पुढचा पाऊण तास ती दुसरी बाजू स्वतःच मांडतो. त्यामुळे बागबाजारात त्यांची ख्याती फार खोल विचारांचा गृहस्थ अशी होती. मीही तेच समजून चाललो होतो. बँकेने माझी नाशिकहून कोलकात्याला बदली केली, मुलीच्या शाळेमुळे बायको नाशिकलाच राहिली आणि मी त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली घेतली, त्यानंतर पाच महिने मी त्यांच्या विचारांच्या खोलीला मनोमन नमस्कार करत होतो. मग एक दिवस कुकरने घात केला.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारी गेल्या होत्या. खाली कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. सहा झाल्या, सात झाल्या, अकराव्या शिट्टीला मी धावत जिना उतरलो. घरमालक कुकरपासून दोन हातांवर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. मी ओरडलो, "काका, कुकर!" त्यांनी पेपर खाली केला, डोळे मिटले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण याला दुसरीही एक बाजू आहे." तेवढ्यात बारावी शिट्टी झाली आणि त्यांची पापणीही हलली नाही. माझा चेहरा पाहून मात्र त्यांना सगळं कळलं. त्यांनी उठून गॅस बंद केला, पेपरची नीट घडी घातली आणि म्हणाले, "कृपया हे कुणाला सांगू नका. हिलाही नाही." मी शब्द दिला. काकूंना कसं कळलं नव्हतं, हा प्रश्न मलाही पडला होता. पण चाळीस वर्षांच्या संसारानंतर नवरा आपलं बोलणं ऐकत नाही यात बहिरेपणाचा संशय येण्यासारखं काही असतं, असं काकूंना कधी वाटलंच नव्हतं. शिवाय काकूंच्या चेहऱ्यावरून त्यांना बहुतेक वाक्यं समजत.

लपवण्यामागे कारण होतं. खालच्या पुढच्या खोलीत तीस वर्षं त्यांचा टायपिंग आणि शॉर्टहँडचा क्लास होता. न्यायालयातले, कचेऱ्यांतले कितीतरी लघुलेखक त्यांच्या हाताखालून गेले. "सरांच्या कानातून शब्द निसटत नाही" असं तिथे म्हणत. कॉम्प्युटर आले, क्लास बंद पडला, दोन टाइपरायटर आच्छादनाखाली राहिले, पण बोटं काही थांबली नाहीत. टेबल, पोळ्यांचा डबा, ट्राममधला पुढचा दांडा, कशावरही ते टाइप करत. एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून सांत्वन करता करता त्यांनी माझ्या पाठीवर अख्खं रजेचं पत्र टाइप केलं होतं, असं त्यांनीच नंतर सांगितलं. असा माणूस कानाचं यंत्र लावायला कसा तयार होणार? "त्यापेक्षा गळ्यात पाटी अडकवतो," असं ते म्हणत.

जन्म कोलकात्याचा असला तरी त्यांचं मराठी थेट आजोबांकडून आलेलं होतं, आणि आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी साताऱ्याहून निघाले तेव्हा जसं होतं तसंच ते पेटीत जपून ठेवल्यासारखं राहिलं होतं. ते सगळ्यांना "तुम्ही" म्हणत. बायकोला, मुलीला, दूधवाल्याला, अंगणातल्या मांजरीलाही. "तुम्ही आज दूध प्यायलात का?" असं मांजरीला विचारताना मी पुष्कळदा ऐकलंय. घरात मराठीच बोलायचं असा नियम होता. मुलीच्या तोंडून चुकून बंगाली शब्द आला तर लहानपणी तिला त्याचा मराठी शब्द पन्नास वेळा टाइप करावा लागे. मराठ्यांच्या भीतीने या शहराने एकेकाळी खंदक खणला आणि त्याची सुरुवात बागबाजारातच झाली, याचा त्यांना विलक्षण अभिमान होता. संध्याकाळी घरासमोरच्या दगडी ओट्यावर तीन बंगाली मित्रांचा अड्डा बसे, तिथे ते दर चार दिवसांनी म्हणत, "तुम्ही खंदक खणलात, आम्ही तरी आलोच ना?" हे वाक्य मात्र ते न विचारता, स्वतःहून बोलत.

सगळं असं मजेत चाललं होतं, फक्त एक गोष्ट सोडून. मुलगी बंगळुरूला नोकरीला होती आणि दोन वर्षांपूर्वी तिने तिथल्याच एका मल्याळी मुलाशी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं होतं. दर रविवारी तिचा फोन येई. घरमालक फोन कानाला लावत, "मी बरा आहे. तुम्ही काळजी घ्या. आईला देतो," एवढं म्हणून फोन काकूंच्या हातात देत. एकदा चहा देताना काकू मला म्हणाल्या, "तिला वाटतं रे, बाबांचा राग अजून गेला नाही. मागच्या वेळी रडत होती. यांना सांगितलं तर हे म्हणतात, दुसरीही बाजू आहे. आता यात कसली दुसरी बाजू?" मी शब्द दिलेला होता. मी चहाचंच कौतुक केलं.

त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्या मुलीनेच तो चष्मा पाठवला. जाड काळ्या काड्यांचा, दिसायला साधा. सोबत चिठ्ठी होती: बाबा, याने फोटो काढता येतात, गाणी ऐकता येतात, फोन घेता येतो. घरमालकांनी चिठ्ठी वाचून चष्मा बाजूला ठेवला आणि माहितीपुस्तिका उचलली. छापलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत न वाचता सोडणं त्यांना जमत नसे. त्या संध्याकाळी, गुडघ्यांमुळे कधी जिना न चढणारे घरमालक माझ्या दारात धापा टाकत उभे राहिले. "बँकवाले, अकरावं पान वाचा," ते म्हणाले. अकराव्या पानावर एवढंच होतं की समोरची व्यक्ती बोलेल ते काचेच्या आतल्या बाजूला अक्षरांत उमटेल. मी मान वर केली तर त्यांचं बोट अजून त्या ओळीवरच होतं.

दुसऱ्या दिवशी खाली टाइपरायटरचा खडखडाट ऐकू आला. घरमालकांनी अभ्यासक्रम तयार केला होता. "धडा पहिला. उजव्या काडीवर तर्जनीने एक टिचकी: अक्षरे सुरू. दोन टिचक्या: अक्षरे बंद. बोट पुढे सरकवणे: अक्षरे मोठी. मागे सरकवणे: लहान. दाबून धरणे: यंत्रास हाक." रोज सकाळी अर्धा तास ते जुन्या मोडक्या चष्म्यावर सराव करत, कारण नव्या चष्म्यावर कच्चा हात चालवणं त्यांना पटत नव्हतं. "सकाळी उठल्यापासून कानशिलाशी काय टकटक लावलीय?" काकू विचारत. "मनगट हलता कामा नये," घरमालक उत्तर देत. आठवड्याने त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली, स्वतःला पास केलं आणि मग खरा चष्मा नाकावर चढवला.

बोटांचं काम चोख झालं, पण त्या चष्म्याला तोंडी हुकूमही द्यावे लागत, आणि तिथे पंचाईत झाली. त्याला मराठी येत नव्हतं. बंगाली, हिंदी आणि इंग्रजी येत होतं. घरमालकांनी इंग्रजी निवडलं, पण ते पत्र सांगितल्यासारखं. "महोदय, किती वाजले आहेत हे कळवण्याची कृपा करावी," आणि शेवटी "आपला विश्वासू" म्हटल्याशिवाय बोलणं पुरं झाल्यासारखं त्यांना वाटेना. चष्म्याला तो नवा प्रश्न वाटे. मग तो वेळ सोडून विश्वास या विषयावर माहिती सांगू लागे, तीही काडीतल्या छोट्या स्पीकरमधून. घरमालकांना अर्थातच ती ऐकू येत नसे. शेजारी बसलेल्या मला विश्वासाबद्दल बरंच काही समजलं.

मानेचा प्रकार याहून अवघड होता. फोन आला की होकारार्थी मान हलवली तर तो घेतला जाई आणि नकारार्थी हलवली तर कापला जाई. आता आपली मान काय सरळ हो किंवा नाही म्हणते? घरमालकांची मान तर खांद्याकडून खांद्याकडे डुलत जाई, मध्येच किंचित खाली येई, आणि त्यातून हो, बघू, तुम्ही म्हणता तर, असे सगळे अर्थ एकदम निघत. गॅसवाल्याचा फोन आला तेव्हा चष्म्याने तो घेतला, कापला, परत घेतला, परत कापला. चौथ्या वेळी गॅसवाला स्वतःच सायकलवरून आला आणि माझ्याशी काय वैर आहे, असं विचारू लागला.

सियालदहच्या बाजारात तर मी सोबत होतो म्हणून निभावलं. घरमालकांना गंधराज लिंबं फार प्रिय. विक्रेता मोठ्या प्रेमाने सांगत होता की दादू, म्हणजे आजोबा, याचा वास दोन गल्ल्यांपर्यंत जातो. त्याचं बोलणं वाचायला मिळावं म्हणून घरमालकांनी त्याच्याकडे रोखून पाहत तर्जनीने कानशिलावर टिचकी मारली. विक्रेता गप्प झाला. अक्षरं दिसेनात म्हणून घरमालकांनी आणखी एक मारली. "आमि पागोल?" विक्रेता कडाडला. मला वेडा म्हणतोस? आता ही अक्षरं मात्र टपोरी उमटली. घरमालकांनी ती वाचली आणि झालेला गैरसमज दूर करायला मनापासून मान डोलावली. तिथून बाहेर पडेपर्यंत माझा शर्ट दोन ठिकाणी उसवला होता. ट्राममध्ये बसल्यावर घरमालक म्हणाले, "पण बँकवाले, पाहिलंत का? त्याचा एकही शब्द निसटला नाही."

घरात काकूंच्या मराठीला चष्मा हिंदी समजून लिहून घेई. एका सकाळी घरमालक हातात पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि विचारू लागले की श्रावणात होळी कुठून आली? काकू म्हणाल्या होत्या, "अहो, पाणी तापलंय, आंघोळीला जा." काचेवर उमटलं होतं, "आहो पानी ताप लिया अंग होली ला जा." काकूंनी कपाळावर हात मारला. तो हात चष्म्याने काही लिहून घेतला नाही.

पण अड्ड्यावर बंगाली होतं आणि तिथे चष्मा झकास चाले. पहिल्या संध्याकाळी घरमालक परत आले ते लहान मुलासारखे हसत. फुटबॉलवर त्यांनी तीन मुद्दे मांडले होते आणि एका मित्राला सांगितलं होतं की तुमच्या पित्ताचं कारण रोजच्या तळलेल्या कचोऱ्या आहेत. मित्र म्हणे चकित होऊन पाहतच राहिले. आठ-दहा दिवस ते असे तरंगत होते. मग एका संध्याकाळी ते अंधार पडायच्या आधीच परतले, चष्मा काढला, टाइपरायटरच्या आच्छादनाखाली सरकवला आणि खुर्चीत बसून राहिले. बोटंसुद्धा थांबलेली होती.

ओट्यावर त्या दिवशी कुणाचा तरी पाहुणा आला होता. तो मोठ्याने बोलू लागला तेव्हा मित्रांपैकी सर्वांत वयस्कर असलेले, होमिओपॅथीच्या दवाखान्यातले जुने कंपाउंडर, त्याला म्हणाले, "ओरडून उपयोग नाही. दादांना चार वर्षं ऐकू येत नाही. तुम्ही नुसते समोर बसून बोला, दादांना बरं वाटतं." घरमालकांनी ते वाचलं. "चार वर्षं मला वाटत होतं, मी त्यांना फसवतोय," ते मला म्हणाले.

तीन दिवस ते ओट्यावर गेले नाहीत. चौथ्या दिवशी कंपाउंडर स्वतःच घरात आले, हातात मुढीची, म्हणजे चुरमुऱ्यांची पुडी, आणि घरमालकांच्या समोर स्टूल ओढून बसले. त्यांनी टाइपरायटरकडे बोट दाखवलं, चष्मा कुठे ठेवलाय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. बहुधा काकूंनी सांगितलं असावं. घरमालकांनी नाइलाजाने चष्मा घातला आणि टिचकी मारली. कंपाउंडर अगदी सावकाश बंगालीत म्हणाले, "दादा, तुम्ही फसवलंत हे बरोबर आहे. पण याला दुसरीही एक बाजू आहे. माझ्या घरात सगळ्यांचे कान शाबूत आहेत. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतो तो फक्त तुमच्या ओट्यावर." मग त्यांनी पुडी उघडली आणि दोघांनी बराच वेळ नुसती मुढी खाल्ली. दारात उभ्या असलेल्या काकूंना त्या दिवशी कळलं की नवऱ्याला खरोखरच ऐकू येत नव्हतं. त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आणि मी मेली चाळीस वर्षं भांडत राहिले!" त्यातली छत्तीस वर्षं तरी भांडण योग्यच होतं, हे मी बोललो नाही.

त्या रविवारी सकाळी मला खाली बोलावणं आलं. घरमालक दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, चष्मा लावून बसले होते. मुलीचा फोन चष्म्यावरच घ्यायचा असं त्यांनी ठरवलं होतं. फोन आला. त्यांची मान भावनेच्या भरात अशी डोलली की फोन कापला गेला. परत आला, परत कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा काकूंनी मागून त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि स्वतःच खालीवर हलवलं. फोन लागला. काडीतल्या स्पीकरमधून आम्हाला मुलीचा आवाज ऐकू आला. "बाबा? काय झालं? सारखा कट का होतोय?"

घरमालक काचेवरची अक्षरं वाचू लागले. हिंदीच्या वेशातलं ते मोडकंतोडकं मराठी पाहून मी पुढे होऊन म्हणालो, "काका, तिला बंगालीत बोलायला सांगू का? नीट उमटेल." त्यांनी हाताने मला थांबवलं. "शॉर्टहँडमध्ये आम्ही कधी अख्खा शब्द लिहिला का? आवाजाची खूण असते, बाकीचं वाचणाऱ्याने भरायचं." मग त्यांनी घसा साफ केला. "बाळ, मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. तुम्ही बोलता ते मला फोनवर कधीच कळलं नाही. तुम्ही पाठवलेल्या चष्म्यावर आता अक्षरं दिसतात. तेव्हा सावकाश बोला. आणि मराठीतच बोला."

पलीकडे काहीच नाही. घरमालकांनी एक टिचकी मारली. बोट पुढे सरकवलं, मागे सरकवलं. "अक्षरं का थांबली? बँकवाले, चार्जिंग संपलं का?"

"काका, ती रडतेय."

"त्याला खूण नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग पुढे वाकून, जणू मुलगी समोरच बसली आहे असे, बोलले, "बाळ, रडलेलं इथे उमटत नाही हो. काहीतरी बोला."

मुलगी बोलली. घरमालकांचे ओठ हलू लागले. "राग आवला... राग... आवळा..." ते पुटपुटत होते. सांगायला माझी जीभ शिवशिवत होती, पण काकूंनी माझा हात दाबला. अचानक त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच गोंधळला. "रागावलो? मी? कशाबद्दल? लग्नाबद्दल? अहो, त्या लग्नात मी दोनदा जेवलो! तुमच्या सासऱ्यांना विचारा!"

त्यानंतर ते दोघं तास-सव्वा तास बोलत होते. तिच्या प्रत्येक वाक्यानंतर घरमालक ओठ हलवत थांबत, कधी चुकीचं वाचून भलतंच उत्तर देत, मग पलीकडून हसण्याचा आवाज येई आणि ते विचारत, "आता का थांबली अक्षरं?" आणि काकू सांगत, "हसतेय ती." मी हळूच जिना चढून वर गेलो.

वर्षभराने माझी परत नाशिकला बदली झाली. निघताना घरमालकांनी मला स्वतः टाइप केलेलं प्रशस्तिपत्र दिलं, "भाडेकरू म्हणून वर्तणूक उत्तम." आता ते महिन्यातून एकदा तरी रविवारी मला फोन करतात. माझं एक वाक्य झालं की मी थांबतो. पलीकडे ते वाचत असतात. त्या मोकळ्या वेळात मला हातरिक्षाची घंटा ऐकू येते, काकूंची भांडी ऐकू येतात, कधी मांजर ओरडते. मी वाक्यं छोटी करायला शिकलोय. इथे घरात, बँकेत सगळे एकमेकांची वाक्यं मध्येच तोडून बोलतात, मीही तोडतो.

गेल्या खेपेला फोन ठेवण्याआधी मी म्हणालो, "काका, इथे तुमची फार आठवण येते." पलीकडे रस्त्यावरून एक फेरीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज लांब जाऊन विरला. शेवटी मीच विचारलं, "उमटलं का हो काका?"

"उमटलं," ते म्हणाले. "पण जरा पुसट दिसतंय. पुन्हा एकदा सांगता का?"